अहवाल कुणाच्या टेबलावर जातो?

साशंक : साथीचा माग काढणारी माणसं पद्धतशीर तयार करण्याचा उद्योग अमेरिकेने १९५१ मध्ये सुरू केला. कोरियात युद्ध चालू होतं, शत्रू रोगजंतू सोडेल अशी धास्ती होती, आणि अलेक्झांडर लँगम्यूर नावाच्या हुशार गृहस्थांनी त्या धास्तीच्या जोरावर सरकारकडून ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ मंजूर करून घेतली. चीनने तसाच अभ्यासक्रम २००१ मध्ये काढला. आता २०२० आठवा. वुहानमध्ये सहकाऱ्यांना सावध करणाऱ्या डॉ. ली वेनलियांग यांना पोलिसांनी बोलावून ताकीद दिली. अमेरिकेत पुढे कोविडने दहा लाखांवर माणसं गेली. जिथे हे शिक्षण सगळ्यात जुनं आणि जिथे ते कित्येक वर्षं चालू होतं, तिथली ही गत. तरी तुम्ही म्हणता, जगभर असे तपासनीस घडवा, सार्वजनिक आरोग्य सुधारेल. कशाच्या भरवशावर?

आग्रही : आधी ही मंडळी करतात काय, ते बघू. पुष्कळांना वाटतं, पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकात डोकं घालणं म्हणजे साथीचा तपास. प्रत्यक्षात यांचं मुख्य हत्यार म्हणजे एक तक्ता. एका ओळीत एक रुग्ण. वय, वस्ती, लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली, पाणी कुठलं, त्या आठवड्यात कुठे जेवला, कुणाच्या मयताला गेला होता. ती ओळ भरण्याआधी रुग्ण म्हणायचं कुणाला हे ठरवावं लागतं. व्याख्या सैल ठेवली तर साधा ताप आलेले सगळे आत येतात. फार आवळली तर खरे रुग्ण बाहेर राहतात. मग तारखांचा आलेख. रुग्ण एकदम वाढून झपाट्याने कमी झाले तर संशय एखाद्या पंगतीवर किंवा एकाच विहिरीवर जातो. लाटेमागून लाट येत असेल तर रोग माणसाकडून माणसाकडे चाललाय. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारायचे. हे पुस्तक वाचून जमत नाही. म्हणून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्गात बसणं जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचा काळ साथ असेल तिथे. भोक पडलेला बुटाचा तळ हे त्या अमेरिकन संस्थेचं चिन्ह आहे, ते उगाच नाही. १९८० मध्ये थायलंडने हा अभ्यासक्रम उचलला. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत तो २००१ पासून आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून. आज जगात असे ऐंशीहून अधिक कार्यक्रम चालतात.

भरवसा कशाचा, म्हणाल तर लागोसचा. २० जुलै २०१४ ला इबोलाचा एक रुग्ण विमानाने त्या शहरात उतरला. कोटींची वस्ती, बकाल वाहतूक, जगभरच्या विमानांची ये-जा. इबोला तिथे पसरला असता तर कुठे थांबला असता याची कल्पना करवत नाही. नायजेरियात २००८ पासून तपासनिसांचा अभ्यासक्रम चालू होता. पोलिओसाठी उभं केलेलं नियंत्रण केंद्र आणि ही शिकलेली पोरं एकत्र आणली गेली. त्यांनी ८९४ संपर्कातली माणसं शोधली आणि रोज दारात जाऊन ताप मोजला. अशा सुमारे साडेअठरा हजार भेटी झाल्या. रुग्ण झाले २०, मृत्यू ८. तीन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, देश इबोलामुक्त जाहीर झाला. पश्चिम आफ्रिकेतल्याच दुसऱ्या तीन देशांत त्याच साथीने अकरा हजारांवर बळी घेतले.

साशंक : लागोसची गोष्ट सांगताना तुमची मंडळी एका बाईंचं नाव घाईघाईने उरकतात. डॉ. अमेयो अडाडेवो. त्या खासगी रुग्णालयात होत्या, साथीच्या तपासाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मलेरिया म्हणून दाखल झालेल्या त्या माणसाला त्यांनी संशयावरून अडवून ठेवलं. तो सरकारी कामावर आलेला होता, त्याला सोडा म्हणून दबाव आला. बाई बधल्या नाहीत. तो बाहेर पडला असता तर तुमचे तपासनीस किती दारं ठोठावणार होते? त्या स्वतः त्याच इबोलाने ऑगस्टमध्ये गेल्या. म्हणजे साथ पहिल्यांदा अडली ती एका डॉक्टरच्या चिकित्सक नजरेमुळे आणि हेकेखोरपणामुळे. हेकेखोरपणाचा कुठला अभ्यासक्रम आहे तुमच्याकडे?

आग्रही : नाही. पण एकटा हेका पुरत नाही हेही तिथेच दिसतं. बाईंनी दार बंद केलं, तोवर काही जणांना लागण झाली होती. त्या काही जणांचे शेकडो झाले नाहीत, याचं कारण साडेअठरा हजार वेळा ठोठावलेली दारं. दुसरी बाजू गिनीची बघा. मेलिआंदू नावाच्या खेड्यात डिसेंबर २०१३ मध्ये पहिलं मूल दगावलं, इबोला असल्याचं मार्च २०१४ मध्ये कळलं. मधल्या तीन महिन्यांत माणसं मरत होती, पुरली जात होती, पुरणाऱ्यांना लागण होत होती, आणि हे सगळे मृत्यू एका कागदावर लिहून बघणारं कुणी नव्हतं. तुम्ही म्हणता ती तरबेज नजर एका रुग्णावर खिळते. चार गावांतले चार मृत्यू एकमेकांशेजारी ठेवून बघायची नजर वेगळी असते, आणि ती शिकवता येते.

साशंक : बरं. मग मी तुमच्याच आवडत्या गोष्टीकडे येतो. मुझफ्फरपूर.

आग्रही : येऊ द्या. पण ती मीच सांगतो, नाहीतर तुम्ही शेवटापासून सुरुवात कराल. बिहारमधला तो जिल्हा म्हणजे लिचीच्या बागा. १९९५ च्या आसपासपासून दर मे-जूनमध्ये तिथे लहान मुलं मरत. संध्याकाळी अंगणात खेळलेलं मूल पहाटे किंचाळून उठे, झटके येत, शुद्ध जाई. मेंदूज्वर म्हणून सगळे सोडून देत. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी डासांना, कुणी विषाणू शोधला, सापडला नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचं पथक तिथे गेलं. पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती अशी, की बऱ्याच मुलांना दाखल होताना तापच नव्हता. मेंदूला सूज आणणारा जंतू असेल तर ताप हवा. दुसरी गोष्ट, रक्तातली साखर भलतीच उतरलेली. २०१४ च्या हंगामात दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली, १२२ गेली. पथकाने १०४ आजारी मुलं घेतली आणि त्याच वयाची १०४ इतर मुलं. आयांना विचारलं, आदल्या दिवशी काय खाल्लं? लिची खाल्ली? कच्ची, पिकलेली, गळालेली? रात्री जेवला का? उत्तर तिथे होतं. बागेत पडलेल्या लिच्या दिवसभर खाऊन मूल रात्री न जेवता झोपलं, की लिचीतली विषद्रव्यं शरीराला साखर तयारच करू देत नाहीत. धडधाकट मुलाच्या यकृतात साठा असतो, कुपोषित मुलाच्या नसतो. जमैकात अ‍ॅकी नावाच्या फळाने होणारा आजार याच जातीचा. त्या फळाचं आणि लिचीचं कूळ एकच. सल्ला दोन ओळींचा निघाला. मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपवू नका. झटके आलेलं मूल दिसलं की आधी साखर तपासा, कमी असेल तर तत्काळ ग्लुकोज द्या. एक नवं औषध लागलं नाही, एक लस लागली नाही. पुढच्या काही वर्षांत आकडे खाली आले.

साशंक : आणि २०१९ मध्ये पुन्हा शंभरावर मुलं गेली.

(या वाक्यानंतर दोघेही थोडा वेळ बोलले नाहीत. लेखकाला वाटतं, या विषयावरची प्रत्येक प्रामाणिक चर्चा इथे येऊन अडायला हवी. बहुतेक चर्चा २०१४ मध्येच टाळ्या वाजवून संपतात.)

साशंक : हे मी तुम्हाला खिंडीत गाठायला सांगत नाही. कारण माहीत होतं, उपाय माहीत होता, ‘लॅन्सेट’च्या मासिकात निबंध छापून दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. गावोगाव जाऊन आयांना सांगायची मोहीम ढिली पडली, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोज किती ठिकाणी होतं, हा प्रश्न मुलं मेल्यावर विचारला गेला. पण माझा मुद्दा याच्याही मागचा आहे. तुमच्या प्रश्नावलीत एक रकाना होता, ‘संध्याकाळचं जेवण घेतलं नाही’. शास्त्राच्या भाषेत तो ‘जोखमीचा घटक’. माझ्या भाषेत ती भूक आहे. मजुराचं मूल रात्री उपाशी झोपलं, एवढं त्या रकान्यात लिहिलंय. त्यावर शिफारस काय, तर जेवू घाला! म्हणजे ज्या आईकडे संध्याकाळी घालायला काही नाही तिलाच सल्ला. तुमच्या तपासाने भुकेला रकाना दिला आणि काम संपलं. शिवाय वेल्लोरचे टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिचीतल्या विषद्रव्याची शंका स्वतंत्रपणे मांडली होती. पुढे श्रेय कुणाचं यावरूनही वाद झाले, कीटकनाशकांचा मुद्दा काहींनी काढला. मुलांच्या आयांना या वादाचं काय?

आग्रही : श्रेयाचा वाद सोडून द्या, तो कुठल्याही शास्त्रात असतो. रकान्याचं तुम्ही बोललात ते मला लागलं, आणि ते बरोबरही आहे. पण उलट बाजूने बघा. तो रकाना नसता तर? १९९५ पासून जवळजवळ वीस वर्षं तो नव्हता. तोवर त्या मृत्यूंचं कारण डास होते, ऊन होतं, देवाची करणी होती. उपासमारीकडे कुणी बोट दाखवत नव्हतं, कारण बोट दाखवायला पुरावा नव्हता. २०१९ मध्ये पत्रकार सरकारला विचारू शकले, ‘तुम्हाला माहीत होतं ना?’ तो प्रश्न विचारता आला तो २०१४ च्या तक्त्यामुळे. तपासनीस भूक मिटवत नाही, कबूल. ती मिटवणारा अधिकारी ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणू शकणार नाही, एवढं तो करतो. तुम्हाला हे थोडं वाटतं. मला वाटत नाही.

साशंक : मला थोडं वाटतं, कारण माहीत असूनही ‘कल्पना नव्हती’ म्हणणारे मी पाहिलेत. हैती घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे कॉलरा आला. त्या देशात कित्येक पिढ्यांनी कॉलरा पाहिलेला नव्हता. मिर्बाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा तळ होता, नेपाळहून आलेली तुकडी. तळाचा मैला ओढ्यात, ओढा आर्तिबोनित नदीत, नदीचं पाणी लोकांच्या तोंडात. गावकरी पहिल्या आठवड्यापासून हेच सांगत होते. पण उगम शोधणं आता महत्त्वाचं नाही, आधी उपचार, अशी भूमिका बड्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी घेतली. जगातले उत्तमोत्तम तपासनीस जवळपास असताना! रेनो पियारू नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाने गावं पालथी घालून नकाशा मांडला तेव्हा कुठे वाच्यता झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. सहा वर्षं आणि दहा हजारांच्या घरात मृत्यू. तिथे ज्ञान कमी पडलं नाही. जिथून उत्तर निघणार होतं तिथे बघायचंच नाही असं ठरलं होतं.

आग्रही : पण पियारू कोण होते? ते साथीचा अभ्यास करणारेच. त्यांचं साधन तोच तक्ता आणि तोच नकाशा.

साशंक : हो, आणि त्यांना मौन पाळायला लावणारा वरिष्ठ नव्हता. तिथेच माझं बोट आहे.

आग्रही : मग मी तुम्हाला सरकारी वरिष्ठ असतानाचं उदाहरण देतो. एप्रिल १९५५. साल्क यांच्या पोलिओच्या लशीला अमेरिकेत मान्यता मिळाली, देशभर घंटा वाजल्या. पंधरवड्यात काही मुलांना पक्षाघात झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लँगम्यूर यांच्या नव्या-नव्या तपासनिसांनी रुग्णांची यादी केली आणि प्रत्येकासमोर लस कुठल्या कंपनीची हे लिहिलं. एकच नाव पुन्हा पुन्हा. कटर. शिवाय ज्या हाताला किंवा पायाला सुई टोचली होती, बऱ्याचदा तोच आधी लुळा पडत होता. म्हणजे त्या लशीत जिवंत विषाणू राहिला होता. सरकारने मान्य केलेली, सगळ्या देशाने डोक्यावर घेतलेली लस, आणि सरकारचेच नोकर सांगत होते की ही घातक आहे. कटरची लस परत मागवली गेली, काही दिवसांनी सगळीच मोहीम थांबवून तपासणी झाली आणि मग पुन्हा सुरू झाली. दोष मुख्यतः कटरच्या लशीत आहे हे त्याच यादीने दाखवलं म्हणून ती सुरू करता आली. तेव्हा नोकरीत असून खरं बोलता येत नाही असं सरसकट म्हणू नका.

साशंक : म्हणत नाही. मी म्हणतो, त्यांच्यामागे एक पद्धत होती. रोगांची आकडेवारी ठरलेल्या वारी प्रसिद्ध होणार, कुणाच्या सोयीची असो वा नसो. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांचा विचित्र न्यूमोनिया तशाच एका साप्ताहिक पत्रिकेत ५ जूनला छापला गेला, आणि एड्सची जगाला पहिली खबर लागली. त्यासाठी मंत्र्याची वेळ घ्यावी लागली नाही. तुम्ही जगभर निर्यात केलात तो अभ्यासक्रम. ती पत्रिका आणि तिची सवय तेवढ्याच हिरिरीने निर्यात केलीत का? एखाद्या गरीब देशात एखादी मुलगी दोन वर्षं राबून उत्तम तपास करते, अहवाल वरिष्ठांकडे देते, वरिष्ठ तो त्यांच्या वरिष्ठांकडे. तिथून पुढे त्याचं काय होतं ते तिलाही कळत नाही.

आग्रही : बऱ्याच देशांत अभ्यासक्रमाचे विद्यार्थी स्वतःची पत्रिका काढतात, परिषदेत तपास मांडतात. पण ठरलेल्या वारी, न विचारता, हे दुर्मीळ आहे. तिथे मी मागे हटतो. आता तुम्ही एक सांगा. पुण्यातलं जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम. जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी. माणसांचे पाय लुळे पडत होते, काही व्हेंटिलेटरवर गेली. एरवी हा आजार लाखात एखाद-दुसऱ्याला. प्रत्येक रुग्णालयात दोन, तीन, चार. हे सगळे एकाच भागातले आहेत हे नकाशावर टिंबं टाकल्याशिवाय कसं दिसलं असतं?

साशंक : पाणी नीट येत नाही, ही तक्रार त्या भागात टिंबांच्या आधीपासून होती. ही गावं महापालिकेत आली, शुद्धीकरण झालेलं पाणी आलं नाही.

आग्रही : तक्रार होती, पण तक्रारीने पथक येत नाही. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला तेव्हा पाण्याचे नमुने तपासले गेले, टँकरवाल्यांना नोटिसा गेल्या. लोकांच्या अनुभवाला सरकारी फायलीत शिरायला पुरावा लागतो. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण आहे असं.

साशंक : मग माणसं किती आहेत पुरावा गोळा करायला? आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात दोन लाख लोकांमागे एक शिकलेला तपासनीस असावा असं धरतात. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे साडेपाचशेहून जास्त हवेत, आणि त्यानंतर वस्ती वाढलीच आहे. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे आणखी चार कारभार असतात. साथरोगतज्ज्ञ कंत्राटावर. शिकलेला डॉक्टर दोन-तीन वर्षांत बदली, बढती नाहीतर परदेशी संस्थेची नोकरी पकडतो. आणि गावात काहीतरी विचित्र चाललंय हे सगळ्यात आधी कळतं ते आशाताईला. तिचं मानधन थकलं म्हणून ती जिल्हा परिषदेसमोर बसलेली असते.

आग्रही : म्हणूनच आता पायरीपायरीने शिक्षण देतात. वरच्या पायरीवर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, खालच्या पायरीवर तालुक्याच्या कर्मचाऱ्यांसाठी तीन महिन्यांचा, तोही नोकरी न सोडता. सात दिवसांत साथ ओळखायची, एका दिवसात कळवायची, पुढच्या सात दिवसांत हालचाल पुरी करायची, असं ७-१-७ चं उद्दिष्ट २०२१ मध्ये मांडलं गेलं. त्यातले पहिले सात दिवस सर्वस्वी आशाताई, आरोग्यसेवक आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञावर अवलंबून आहेत. आशाताईचं मानधन हा साथीच्या तपासाचाच खर्च आहे, असं मी मानतो.

साशंक : हे वाक्य एखाद्या अंदाजपत्रकात दाखवा. बरं, आणखी एक. दारात येऊन नावं लिहून घेणारा सरकारी माणूस म्हटला की पुण्याला १८९७ आठवतं. प्लेगचे रुग्ण शोधायला सोजीर घराघरांत शिरले. रोगाचा शोध हाच हेतू होता. त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळ्यांत झाला.

आग्रही : रँडच्या माणसांना दारात थांबून विचारायचं शिकवलं नव्हतं. आता तेच शिकवतात. दुजोरा हवा असेल तर लागोसला जा.

साशंक : शिकवत असतील. माझ्या हातात पैसे असते तर पहिल्या वर्षी मी एकही नवा तपासनीस घेतला नसता. झालेल्या तपासांचे अहवाल ठरलेल्या मुदतीत लोकांसमोर ठेवायची सक्ती केली असती.

आग्रही : मी त्याच पैशात प्रत्येक तालुक्याला एक माणूस नेमला असता. तपासच झाला नाही तर तुम्ही उघड काय करणार? आणि तुमच्या सक्तीला पैसे लागतच नाहीत. कायद्यात एक कलम घालायचं.

साशंक : घाला की मग. आपला साथरोग कायदा त्याच १८९७ च्या प्लेगमधला. त्याने सरकारला अधिकार दिले, न ऐकणाऱ्याला शिक्षा सांगितली, अधिकाऱ्याला संरक्षण दिलं. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांसाठी त्यात दुरुस्ती झाली, ती आवश्यकच होती. साथीचा तपास झाल्यावर त्यात काय निघालं ते लोकांना सांगितलंच पाहिजे, असं मात्र तो कायदा कुठेही म्हणत नाही.